गिऱ्हाइकाच्या चार खुर्च्या

नाय नाय साहेब, तिच्यावर नका टेकू — ओली हाय ती अजून, बसलात की खड्डा पडेल, आन् मंग पुन्हा चार दिवस माझ्या नावानं बोंब. इकडं या, ह्या खोक्यावर बसा, थांबा, गोणपाट टाकतो वर. हां — बसा आता. बघा कसं हाय, नाथा वेतवाल्याच्या दारात गिऱ्हाईक खोक्यावर आन् खुर्च्या ओळीनं उभ्या. हसा, हसा, मला बी हसू येतं. पंचवीस वर्सं झाली देवळालीत वेत विणतोय — आधी तोफखान्याच्या मेसमधलं फर्निचर, मंग हे आपलं घरचं काम — कर्नलाच्या बुडाखाली माझा वेत, पाद्र्याच्या बुडाखाली माझा वेत, आन् माझ्या घरात आपली म्हणावी आशी एक खुर्ची नाय. लागतच नाय हो. आम्ही भुईवर बसणारी माणसं. — हो, कबूल, पंधरा जुलै म्हणालो होतो. आन् आज पाच ऑगस्ट. पाहुणे आले आन् पलंगावर बसवून जेवू घालावं लागलं म्हणता — बाईसाहेब चिडल्या असतील, चिडणारच. काय करणार, वेतच आला नाय मुंबईहून. वेताचं आसंच असतं, कधी येतो, कधी वखारीतच पडून राहतो —

काय म्हणालात? ह्या तीन विणलेल्या कशा मंग? बारीक नजर हाय साहेब तुमची. बँकेत होतात ना, रिटायर झालात तरी नजर कुठं रिटायर होते. बरं, खोटं कशाला बोलू — वेत आला होता. जूनमधीच आला होता. तुमच्या चारी खुर्च्या आम्ही दहा-अकरा जुलैलाच विणून काढल्या होत्या, नुसत्या वाळायच्या राहिल्या होत्या. आन् मंग त्यातल्या दोन उसवाव्या लागल्या. का उसवाव्या लागल्या ते नका विचारू. एक ही, तुमच्या पुढची, आन् दुसरी आत हाय. आवाज येतोय ना — सर्र... सर्र...? वेत भोकातून ओढला की आसा आवाज होतो. माझी पोरगी विणतेय, शालन. अर्धा तास थांबा, कड तेवढी बसवायची राहिली, मंग टांगा बोलावतो आन् चारी एकदम घेऊन जा. वडिलांच्या ना ह्या खुर्च्या तुमच्या? म्हणूनच. आसं सागवान आता मिळत नाय. पाठीवर तो द्राक्षाचा घड कोरलाय, तो बघूनच कोणाला बी वाटतं की मालक मोठा माणूस आसणार. लगेच वाटतं. बघणाऱ्याला लगेच वाटतं.

चहा? नाय घेत? बरं. मंडळी घरात नाय, बाजाराला गेलीय, नायतर पोहे केले असते. — हो, पोरगी विणते. माझ्यापेक्षा सरस विणते, मी तोंडावर म्हणत नाय एवढंच. बघा, हात फिरवून बघा ह्या दोन नंबरच्या खुर्चीवर, ही बी तिचीच. एक दोरा हाललेला नाय. आता कसं हाय साहेब, हा वेत आधी उभा जातो, मंग आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा, मंग दोन्ही बाजूंनी तिरका. आन् भोक पडतं ते आठ कोनी. मोजा. आठच. मी पंचवीस वर्सं विणलं, मी कधी मोजलं नव्हतं. ही दहा वर्सांची आसताना मला म्हणाली, आबा, वेत चार बाजूंनी जातो, मंग भोक आठ कोनी कसं पडतं? मी म्हणालो, पडतं, देवानं तसं केलंय. तर ही गेली, कोळसा घेऊन आली, आन् भुईवर रेघा मारमारून संध्याकाळपर्यंत काढलं तिनं ते. मला समजावून सांगितलं. मला समजलं नाय, पण मी हो म्हणालो. आसं हाय ते. — कितवीला? बारावी झाली ना. झाली म्हणजे — साहेब, सायन्स घेऊन झाली, गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव. दोन कुठं गेले म्हणून मास्तरच हळहळत होते. आन् पुण्याला इंजिनियरिंगला नंबर लागला. सरकारी कॉलेजात. सिव्हिल — पूल बांधायचं शिक्षण. आमच्या सायखेड्याला गोदावरीला पूर आला का पलीकडं जाता येत नाय तिच्या मामाकडं, तवापासून तिच्या डोक्यात पूल. लहानपणीचं खूळ. आम्ही हसायचो.

मंग? मंग काय — हाय अजून नंबर. शनिवारपर्यंत. शनिवारी पुण्यात हजर व्हायचं, होस्टेलचे आन् खाणावळीचे पैसे भरून, नायतर सीट पुढच्या नंबराला. आज बुधवार. — मंग ती इथं खुर्ची का विणतेय म्हणता. हं. तुम्ही लय प्रश्न विचारता साहेब. तुमची खुर्ची द्यायची राहिलीय म्हणून विणतेय, दुसरं काय!

नाय, फीचं नाय आडत. फी माफ हाय, आमच्यासारख्या कमी उत्पन्नवाल्याला ई.बी.सी. हाय सरकारची, तो कागद मी तलाठ्याकडून कधीच आणलाय. आडतंय ते राहण्या-खाण्याला. पुण्यात आपलं कोणी नाय. आन् ते ड्रॉइंगचं सामान — फळी, मोठी पट्टी, पेट्या — यादी आलीय छापील. मल्हारीला विचारलं, माझा थोरला भाऊ, सायखेड्याला आसतो. तर तो म्हणाला, पोरीला पुण्याला ठेवायला पैसे मागतोस, त्यापरीस तिच्या लग्नाला माग, उद्याच्या उद्या देतो. आता काय बोलावं! उठून आलो. पण साहेब, सोय झाली होती. झाली होती म्हणजे झाल्यातच जमा. मुंबईचा एक फंड हाय, हुशार पोरांना शिकवणारा, चार वर्सांचं सगळं देतात — राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं. कॉलेजच्या मास्तरांनी फॉर्म आणून दिला, शालननं भरला. आन् फंडाचं कार्ड आलं, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात. अर्ज विचाराधीन हाय, आमचे दोन सदस्य रविवारी बारा तारखेला आपल्या घरी पाहणीला येतील. घरच्या परिस्थितीची पाहणी.

आता तुम्ही मला सांगा. तुम्ही शिकलेले, तुम्हाला लगेच समजलं आसंल पाहणी म्हणजे काय. मी सतरा वर्सं मेसमध्ये काढली साहेब. कॅम्पात पाहणी म्हणजे काय? इन्स्पेक्शन! ब्रिगेडियर येणार म्हटलं की झाडाच्या बुंध्याला चुना, दगडाला गेरू, नळाची तोटी चिंचेनं घासायची, फाटक्या गाद्या पोत्यात घालून वखारीत लपवायच्या. जो स्वच्छ दिसला तो पास. जो फाटका दिसला तो खलास. सतरा वर्सं मी ह्याच हातांनी खुर्च्यांचे तुटके पाय भिंतीकडं फिरवून ठेवले. मंग कार्डावर पाहणी वाचल्यावर माझ्या डोक्यात काय येणार? आन् त्यात घरी येणार. घरी येणार म्हणजे पाहुणे. पोरीच्या कामासाठी पाहुणे येणार म्हटलं, की आमची मंडळी — लंकाबाई तिचं नाव — ती लागली ना कामाला. बायकांचं तुम्हाला ठाऊक हाय. तिनंच सगळं उचलून धरलं. शेणानं सारवलं, भिंतीला चुना मारला, बाहेरच्या दगडांना गेरू. शेजारच्या कोंडाजीकडनं भिंतीवरचं घड्याळ आणलं, तो मेसमध्ये आचारी हाय, त्यानंच मेसच्या कप-बशा आणून दिल्या, सोनेरी काठाच्या. धोंडाबाईकडनं जाजम. तूप उसनं. आन् म्हणाली, पाहुण्यांना बसवायचं कुठं? भुईवर?

हां. आता समजलं ना तुम्हाला. तुमच्याच खुर्च्या साहेब. चारी मांडल्या. मधी एक टेबल, त्यावर लंकाबाईच्या लुगड्याची घडी टाकून. माफी करा. गिऱ्हाइकाची वस्तू आपण वापरू नये, हा माझा नेम हाय, पंचवीस वर्सांत मोडला नव्हता, मेसमध्ये कर्नलाच्या खुर्चीला मी रिकाम्या खोलीत सुद्धा पाठ टेकली नाय. त्या दिवशी मोडला. — नाय, खरं सांगतो, लंकाबाई नाय म्हणाली खुर्च्यांचं. ती तर म्हणाली, अहो, चटई बरी हाय आपली. मी म्हणालो, गप बस, तुला काय समजतं, मोठी माणसं येणार मुंबईची, ती काय मांडी घालून बसतील? मीच मांडल्या. घड्याळ बी मीच आणलं, आता बोललोच हाय तर. ती बिचारी शिरा ढवळत होती.

शालन? शालन म्हणाली होती. ह्याच खोक्यावर बसून वेत सोलत होती, जिथं तुम्ही बसलात तिथं. म्हणाली, आबा, ते आपली गरज बघायला येणार हायत, आपला थाट नाय. जसं हाय तसं राहू द्या. घड्याळ परत देऊन या. — पोरगी अठरा वर्सांची, आन् मला शिकवते! मी भडकलो. म्हणालो, घरात पाहुणा येणार आन् त्याला आपण आपलं दळिद्र काढून दाखवायचं? ही घ्या आमची गळकी कौलं, हे घ्या आमचं फुटकं मडकं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुझ्या पुस्तकात नाय का?  तिला माझ्या आवाजाची सवय हाय. उठून तिनं घड्याळाची काच पुसली.

आले. दोघं जण, सकाळी साडेदहाला, ते भुसावळ पॅसेंजरनं उतरले. एक म्हातारे गृहस्थ, टोपीवाले, भारदस्त — आन् एक तरणा, त्याच्याकडं फाईल. म्हातारे देवमाणूस हो. बसले ते नेमके ह्या तुमच्या पुढच्या खुर्चीवर, आन् ही चांगली वाळली नव्हती. बसताक्षणी मला समजलं, वेत ताणतोय. कुर्र कुर्र आवाज. माझा जीव आर्धा तिकडं. म्हणून तर उसवावी लागली. तो तरणा चौथीवर बसला, ती बी ओली. म्हाताऱ्यांनी हात फिरवला पाठीवरच्या द्राक्षांवर, म्हणाले, वा, काय सुंदर काम हाय, सागवान ना? मी म्हणालो, सागवान. मंग त्या तरण्यानं विचारलं — सरळच विचारलं, तुम्हाला सांगतो — ह्या तुमच्याच का?

मी काही बोललो नाय. हसलो नुसता. — नाय नाय, काही बोललो नाय. आता हसल्याचा कोणी काय अर्थ काढावा हे माझ्या हातात हाय का? — बोललो साहेब. बोललो. म्हणालो, हो, आमच्याच, वडिलांपासूनच्या. तुमचे वडील माझे वडील केले मी! माझे वडील सायखेड्याच्या बाजारात कांद्याच्या पोत्यावर बसायचे. तोंडातून गेलं ते गेलं. मला वाटलं, आता खुर्च्या गिऱ्हाइकाच्या म्हटलं तर मांडल्या कशाला विचारतील, मंग घड्याळ कोणाचं, मंग जाजम कोणाचं — एक टाका उसवला की आख्खी बैठक उसवते, वेताचं बी आसंच हाय.

आन् मंग शिरा. म्हाताऱ्या बाबांनी दोनदा घेतला. तूप सुटलेला शिरा, वर बेदाणे. लंकाबाई दाराआड हात जोडून. सगळं छान चाललं होतं हो. मी मनात म्हणत होतो, पास झालो. फुल मार्कांनी पास. त्यांनी शालनला दोन गणितं विचारली, तिनं सांगितली, म्हाताऱ्यांनी मान डोलावली. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मंग त्या तरण्यानं फाईल उघडली, पेन काढलं आन् मला विचारलं. आवाजात काही वाईट नव्हतं त्याच्या, साधं विचारलं. म्हणाला, नाथाभाऊ, संकोच करू नका, मुलीचा पुण्याचा राहण्या-जेवणाचा खर्च तुम्हाला झेपेल का? घरचं भागतं का तुमचं?

साहेब, तिथं नाय म्हणायचं होतं. एवढंच. एक शब्द. त्यासाठीच ते आले होते, पाच-सहा तास गाडीत बसून, तो एक शब्द ऐकायला. आन् माझ्या घरात पाहुणा बसलेला, हातात वाटी, तोंडात माझ्या घरचा घास — त्याला मी काय सांगू, नाय भागत? हा शिरा उसना हाय? खाल्लेला घास घशात आडकला आसता त्यांच्या. आमच्यात जेवणाऱ्याला आसं सांगत नसतात. मी म्हणालो — आन् हसत म्हणालो, छाती काढून — देवाच्या दयेनं भागतं आमचं.

तिकडं दारात बशीत कप वाजला. एकदाच. मी बघितलं तिकडं. शालन माझ्याकडं बघत होती. तिनं एक शब्द काढला नाय. काढू शकत होती, सगळ्या कागदांवर उत्पन्न तिनंच लिहिलं होतं, तिला पाठ होतं. काढला आसता तर मी तिच्या कानाखाली — नाय. नसतं मारलं. कधीच मारलं नाय तिला. पण तिला वाटलं, चारचौघांत आबा खोटे पडतील. चहा ठेवला तिनं टेबलावर आन् आत गेली. म्हातारे जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, नाथाभाऊ, तुमच्याकडं येऊन फार समाधान वाटलं. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. वाटेत टांगेवाल्याला पैसे बी मीच दिले, त्यांना देऊ दिले नाय.

पत्र सत्तावीसला आलं. पोस्टमन गोटीराम दुरूनच ओरडत आला, नाथा, पेढे काढ, मुंबईचं पत्र. शालननं फोडलं. मला वाचून दाखवलं, मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं. समितीच्या सदस्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली असता कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक आढळली. मुलगी अत्यंत हुशार आहे. तथापि निधी मर्यादित असल्यानं अधिक गरजूंना प्राधान्य द्यावं लागतं, सबब पूर्ण शिष्यवृत्ती देता येत नाय, पुस्तकांकरिता एकदाच दोनशे रुपये मंजूर करण्यात येत आहेत. आन् खाली त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, शाईनं — वहिनींना शिऱ्याबद्दल धन्यवाद. — समाधानकारक! पंचवीस वर्सांत मला कोणी समाधानकारक म्हटलं नाय, आन् म्हटलं ते ह्या वेळी. पोरगी रडली आसती तर बरं झालं आसतं. लंकाबाई रडली, धाय मोकलून. शालननं पत्र पाकिटात घातलं, पाकीट देव्हाऱ्यामागं ठेवलं, आन् मला म्हणाली, आबा, बँकवाल्या साहेबांच्या दोन खुर्च्यांचा वेत सैल झालाय, मी घेऊ का करायला? बस्स. एवढंच. बादलीत वेत भिजत घातला तिनं. तवापासून ती विणतेय. दिवसभर विणते. एवढं विणते की मला काम उरत नाय.

अपील? काय म्हणता — कळवायचं त्यांना? ते मलाच सुचायला पाहिजे होतं, पण तुम्ही म्हणता तसं ते तिला सुचलं. बैल गेला आन् झोपा केला आसं नाय, अजून दहा-अकरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी लिहून आणलं पत्र. हे बघा. खिशात हाय. घामानं जरा मऊ पडलीय चिठ्ठी, पण वाचता येते. वाचा ना, मोठ्यानं नका वाचू, ती आत हाय. — हां, तेच. बारा जुलै रोजी आपण पाहिलेल्या खुर्च्या, घड्याळ व जाजम आमच्या मालकीचे नव्हते, वडिलांनी ते संकोचापोटी सांगितलं नाय. संकोचापोटी. खोटं बोलले आसं लिहिलं नाय तिनं. तिथं बी माझी लाज राखली पोरीनं. आन् खाली जागा सोडलीय माझ्या सहीला. मला सही येते साहेब, रात्रीच्या शाळेत शिकलो, नाथा कोंडिबा — झोकात येते.

मंग? मंग काय मंग. आठ दिवस फिरतेय माझ्या खिशात. रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत जातो. एकदा कोंडाजीचं पेन बी मागून घेतलं होतं. पण डोळ्यांसमोर ते म्हातारे येतात, हातात वाटी. आता त्यांना समजणार, की ज्या माणसाचा हात धरून आपण समाधान वाटलं म्हणालो, तो माणूस दुसऱ्याच्या खुर्च्यांवर बसवून दुसऱ्याचा बाप आपला म्हणून सांगत होता. फाईलमध्ये लागेल ती चिठ्ठी. कायमची. माझ्या सहीनं. आन् शालन विचारत नाय हो! विचारलं आसतं, आबा, टाकलं का पत्र, तर मी रागावून का होईना टाकलं आसतं. तिला वाटतं मी टाकलंय. रोज गोटीरामची सायकल वाजली की तिचा हात थांबतो. मी ऐकतो ना. सर्र आवाज थांबतो. मंग तो पुढं जातो आन् आवाज पुन्हा सुरू. — नाय, तिला नाय सांगितलं. कसं सांगणार?

काय काढताय? पेन? नाय, नाय साहेब, ठेवा ते, माझे हात वेताच्या पाण्याचे, शाई फुटेल. आन् आता उपयोग काय, आज टाकलं तर मुंबईला परवा, ते समिती बोलावणार, कधी उत्तर येणार — शनिवार काय थांबतोय का कोणासाठी? उशीर झाला. मी केला उशीर. ते आता कोणाच्या हातात नाय. लंकाबाईला बी मी तेच सांगितलं. बाजाराला नाय गेली ती, आता तुमच्यापासून काय लपवायचं, दोन बंगल्यांत भांडी धरलीत तिनं ह्या सोमवारपासून. म्हणाली, दोन महिन्यांचं तरी भरू, पुढचं पुढं. दोन महिन्यांचं कोण घेतं? पूर्ण सहामाहीचं लागतं. हिशेबच बसत नाय. हिशेबाचं मी तिला सांगितलं नाय, घासू दे म्हटलं चार दिवस, तिला वाटतंय काहीतरी करतोय आपण.

हां? — नाय समजलो साहेब. परत बोला. — तुम्ही? तुम्ही भरता म्हणता? होस्टेलचं बी? आन् खाणावळीचं — वर्सभराचं? शनिवारी तुम्ही स्वतः तिला घेऊन पुण्याला — तुमच्या बहिणीकडं उतरायचं — आन् परत द्यायचं नाय म्हणता?

आरारा. साहेब, लय मोठं मन हाय तुमचं. खरंच. आसा माणूस — मी तुमच्या खुर्च्या वापरल्या, तुमचा बाप माझा म्हणून सांगितला, आन् तुम्ही — नाय, नाय, हे बघा, तुम्ही उगाच मनावर घेतलंत. मी आपलं बोलण्याच्या भरात बोलत गेलो, वेताच्या कामाला बसलं की तोंड चालू राहतं माझं, सवय हाय. तसं काय एवढं नाय आमचं. काम हाय, हात-पाय धड हायत, दोन वेळा चूल पेटते. पुणं काय पळून जातंय? पुढच्या वर्सी बघू. ठेवा, ठेवा पाकीट ते आत, माझ्या दारात बसून तुम्ही पाकीट काढायचं हे बरं नाय दिसत. गिऱ्हाईक म्हणजे पाहुणाच. खरंच काळजी नका करू तुम्ही साहेब. देवाच्या दयेनं भागतं आमचं —

आवाज थांबला.

गोटीराम आला का? नाय. रस्त्यावर तर कोणी नाय.

शालन? अगं, वेत संपला का? बादलीत हाय बघ अजून. — शालन?

...

तुम्ही या आता साहेब. ह्या तीन घेऊन जा. चौथी मी उद्या आणून टाकतो. या तुम्ही.